ऑडिशनची टेप आणि भाड्याचा कोट

दर आठ-पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर एखादा व्हिडिओ येतोच. "सर, चॅनलला पाठवायचाय, बघून सांगा ना." मागे मुंबईच्या टॉवरचं चित्र, कानठळ्या बसवणारं म्युझिक, अंगावर भाड्याचा कोट. पोरगं आपल्याच तालुक्यातलं, पण बोलतंय असं की जन्मात एसटीत बसलं नाही. बातमीही तीच, जी त्याच क्लासच्या आणखी चौघांनी वाचलेली. या एका टेपसाठी घरच्यांनी हजारो रुपये मोजलेत, हे कळलं की पोरांचा नाही, क्लासवाल्यांचा राग येतो.

माझं स्पष्ट मत आहे, अशी टेप पाठवूच नका. निवडणाऱ्यापुढे टेपांचा ढीग असतो, पुढे बघायचं की नाही हे सुरुवातीलाच ठरतं. त्यामुळे तिथे म्युझिक नको, तुम्ही हवेत.

बाजार समितीत जा. कांद्याचा लिलाव चालू असताना तिथेच उभं राहून अर्ध्या-पाऊण मिनिटाचं पीटीसी करा, एका दमात. मग एखाद्या शेतकऱ्याला प्रश्न विचारा, त्याचं उत्तर ऐका आणि त्या उत्तरातून दुसरा प्रश्न काढा. पहिला प्रश्न कुणीही पाठ करून येतो, दुसऱ्यात कळतं समोरचा वार्ताहर आहे की नाही. शेवटी मिनिटभर साधं बातमीवाचन. दोन-अडीच मिनिटांत सगळं बसतं.

आता उच्चार. बातमी वाचताना 'पाणी'चं 'पानी' चालणार नाही, आकाशवाणीच्या आवाज चाचणीत तर नाहीच. "जिल्ह्यात चार चारा छावण्या सुरू" हे वाक्य मोठ्यानं म्हणा आणि स्वतःच ऐका. 'चार'मधला च चहातला, 'चारा'मधला चमच्यातला. हे जमवायलाच हवं, आणि रोज पेपर मोठ्यानं वाचला की फुकटात जमतं. पण म्हणून उसना पुणेरी हेल कशाला? शेतकऱ्याशी बोलताना आपली बोलीच ठेवा. तो तुमच्यापुढे मोकळा होतो तो तिच्यामुळेच, आणि ही गोष्ट मुंबईहून आलेल्या रिपोर्टरकडे नसते.

बाकी किरकोळ. मोबाईल आडवा धरा, फ्लाईट मोडवर टाका, घरात वाचत असाल तर पंखा बंद. कॉलर माईक मित्राचा मागून आणा, कोटापेक्षा तो जास्त कामाचा. आणि फाईलला 'फायनल न्यू २' असलं नाव देऊ नका राव, स्वतःचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर टाका.