सूर हवा, माणूस नको?

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की मिरवणूक आठवते. गणपतीची असो, ईद-ए-मिलादची असो की लग्नाची वरात असो. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि हादरणाऱ्या खिडक्या. त्या गोंगाटाविरुद्धची तक्रार रास्तच आहे. पण त्यामुळे डीजे म्हणजे दुसऱ्यांची गाणी मोठ्याने वाजवणारा, एवढाच आपला समज झाला आहे. अमेरिकेतल्या फ्रँकी नकल्सची कारकीर्द पाहिली की हा समज तुटतो. आणि आणखीही काही समज तुटतात.

फ्रँकी १९५५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला. कृष्णवर्णीय आणि समलिंगी. १९७७ मध्ये शिकागोतल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत 'वेअरहाउस' हा क्लब सुरू झाला. तिथे रेकॉर्ड वाजवण्यासाठी आधी त्याचा मित्र लॅरी लेव्हान याला विचारणा झाली होती. तो न्यूयॉर्क सोडेना, म्हणून फ्रँकी गेला. इथे येणारे बहुतेक तरुण कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते, त्यातले पुष्कळसे समलिंगी. इतरत्र त्यांना नाकं मुरडली जात. इथे पहाटेपर्यंत मोकळेपणाने नाचता येई.

१२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरात कोमिस्की पार्कवर बेसबॉलचे सामने होते. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी जाहिरात झाली होती. सुमारे ५०,००० लोक जमले. रेकॉर्डींचा ढीग मैदानात स्फोटाने उडवला गेला, जमाव आत घुसला, दुसरा सामना होऊच शकला नाही. प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा तिथे होता. त्याने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींमध्ये डिस्को नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही रेकॉर्डी होत्या. मग राग फक्त तालावर होता, असं कसं म्हणायचं?

त्यानंतर कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. नाचायला नवी गाणी मिळेनात. फ्रँकीने जुन्या गाण्यांच्या टेप कापल्या, जोडल्या, तालाचा तुकडा लांबवला. पुढे त्याखाली ड्रम मशीनचा ठोका घातला. लोक दुकानात जाऊन 'वेअरहाउसमध्ये वाजतं ते' मागू लागले. त्याचंच 'हाउस' झालं, असं सांगतात. त्याने निर्माता म्हणूनही नाव काढलं. जेमी प्रिन्सिपलबरोबरचं 'युअर लव्ह' आणि १९९१ चं 'द व्हिसल साँग' गाजलं. १९९८ मध्ये ग्रॅमीने रीमिक्स करणाऱ्यासाठी पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला.

आज हाउस जगभर वाजतं. ज्यांना हाकललं जायचं त्यांच्या एका जागेचं हे नाव आहे, हे मात्र नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? सूर हवा आणि माणूस नको, ही रीत आपल्या ओळखीची आहे. कव्वालीला दाद मिळते, बिर्याणीसाठी रांग लागते. पण भाड्याने घर मागायला गेलं की आडनाव विचारलं जातं.

फ्रँकी समलिंगी होता हे वाचून माझ्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना एवढंच म्हणेन की, ज्याला स्वतःला दारातून परत पाठवलं गेलं आहे, त्याने दुसऱ्यावर दार लावताना दहादा विचार करावा. आपल्यावरचा अन्याय तेवढा अन्याय आणि दुसऱ्यावरचा तो शिस्त, असं चालत नाही.

२००४ मध्ये शिकागोने वेअरहाउससमोरच्या रस्त्याला फ्रँकीचं नाव दिलं. २०१४ मध्ये तो गेला. २०२३ मध्ये त्या इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. उशिरा का होईना, शहराने कबूल केलं की हा माणूस आपला होता. हयातीत रस्त्याला नाव मिळणं फार थोड्यांच्या नशिबी येतं. इतरांना निदान दार उघडं मिळावं, आणि ते उघडण्यासाठी कुणी ग्रॅमी मिळवण्याची वाट पाहू नये.