चांचे कोणास म्हणावें?

शाळेच्या नाटकांत चांचा म्हणजे एका डोळ्यावर पट्टी व हातीं तलवार, एवढें सोंग पुरे होतें. आपल्या किनाऱ्याचा इतिहास मात्र इतका सोपा नाहीं. मुंबईच्या इंग्रजांनीं कान्होजी आंग्र्यांस चांचे म्हटलें. छत्रपतींच्या दरबारीं तेच सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. त्यांचें दस्तक न घेणारीं गलबतें ते धरीत. पण आपल्या साष्टीचे तेव्हांचे धनी पोर्तुगीज हेही असेच परवाने घ्यावयास लावीत. १७२१ सालीं इंग्रज-पोर्तुगीजांनीं मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली.

हा प्रसंग मुलांनीं न्यायसभेच्या रूपानें करावा. एका प्रयोगांत इंग्रज व्यापाऱ्याची बाजू मांडणाऱ्यानें दुसऱ्यांत सरखेलांची मांडावी. निकाल पालकांनीं द्यावा. दूषण कोण कोणास व कां देतो, हें विचारावयास विद्यार्थी शिकला, तरच तो इतिहास शिकला.