बॅटरी बदलण्याआधी

इथे ईडन प्रेरीत थंडीचे चार-पाच महिने मोटारसायकल गॅरेजमध्येच. एप्रिलमध्ये बटण दाबलं की नुसतं टकटक! पुण्यातल्या गाडीला निदान किक होती.

दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. इंजिनियर म्हणवतो, पण मीटर काही लावला नाही! तिसरीच्या आधी दुसरी चार्ज करून मोजली: १२.७ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग इंजिन रेस केलं. आकडा १४ च्या आसपास जायला हवा, हा १२.३ वरच. बॅटरी बिचारी निर्दोष, रेक्टिफायर गेलेला. अर्धपोटी बॅटरी हिवाळ्यात आणखी उतरायची, आणि पार उतरलेली उणे २० ला गोठते.

तुमच्याकडे गोठायची भीती नाही, पण "बॅटरी गेली साहेब" हे ऐकू येतंच ना? आधी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजायला सांगा.