वेग कोणाचा? : 'रेट्रो' शूटर आणि स्मरणरंजनाचा आरोप

एखादी कलाकृती जुन्या रूपबंधात अवतरली, की तिच्यावर 'स्मरणरंजन' अशी चिठ्ठी चिकटवून पुढे जायचे, ही आपल्या समीक्षेची मुरलेली सवय आहे. आता ती व्हिडिओ गेमच्या वाट्याला आली आहे. खेळांविषयी आपल्याकडे जी थोडीफार चर्चा होते तिच्यात दोन निर्णय आधीच ठरलेले असतात. पहिला निर्णय नैतिक असतो : शूटर प्रकारचे खेळ हिंसक आहेत, सबब ते चिंतेचा विषय आहेत. दुसरा निर्णय सांस्कृतिक असतो : 'रेट्रो' म्हणविणारे खेळ म्हणजे बाजाराने वेष्टनात बांधून विकलेला भूतकाळ. दोन्ही निर्णयांत एक साम्य आहे. खेळाची रचना तपासण्याची गरज त्यांपैकी कोणालाही भासत नाही. कवितेविषयी असे लिहिणाऱ्यास आपण समीक्षक मानले नसते. मग खेळाविषयी का मानावे?

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' हा खेळ प्रकाशित केला. त्याचा पहिला भाग विनामूल्य वाटला गेला आणि संगणकाच्या जाळ्यांतून तो वेगाने पसरला. १९९६ मध्ये त्याच कंपनीचा 'क्वेक' आला. पुढे हा प्रकार बदलत गेला. 'हेलो' (२००१) मध्ये खेळाडूला एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येऊ लागली आणि थोडे थांबले की त्याचे कवच आपोआप भरून येऊ लागले. 'कॉल ऑफ ड्यूटी २' (२००५) मध्ये स्वास्थ्यही असेच भरून येऊ लागले. परिणामी भिंतीआड दडणे, श्वास घेणे आणि पुन्हा डोके वर काढणे हीच शूटरची मूलभूत कृती होऊन बसली. डेव्हिड शिमान्स्की यांचा 'डस्क' हा खेळ 'डूम'नंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, १० डिसेंबर २०१८ रोजी, पूर्णरूपात प्रकाशित झाला. आर्सी पाताला यांचा 'अल्ट्राकिल' २०२० पासून टप्प्याटप्प्याने येत राहिला. हे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, स्वतंत्र निर्मात्यांचे खेळ आहेत. त्यांतील आकृती ओबडधोबड, पृष्ठभाग ठिपक्यांचे, दालने कोनाकोनांची असतात. टीकाकारांना एवढेच दिसते आणि ते 'भूतकाळ' असा शेरा मारतात.

त्यांना न दिसणारी गोष्ट ही, की या खेळांनी दडण्याची सोय काढून घेतली आहे. शत्रूने फेकलेला मारा बहुधा डोळ्यांना दिसतो. तो चुकविता येतो, पण त्यासाठी अखंड हालत राहावे लागते. 'अल्ट्राकिल'ने हे तत्त्व टोकाला नेले. त्यात खेळाडू मनुष्य नसून रक्तावर चालणारे यंत्र आहे. शत्रूच्या अगदी जवळ जाऊन त्याचे रक्त अंगावर घेतले तरच झालेली हानी भरून निघते. म्हणजे सुरक्षितता माघारीत नसून पुढे जाण्यात आहे. जुन्या रूपबंधातून एक नियम उचलायचा आणि तो मूळ कृतीत नव्हता तितका कठोर करायचा, या कृतीला स्मरणरंजन म्हणणे ही संकल्पनेची उधळपट्टी होय.

शिवाय स्मरणरंजनासाठी आधी स्मरण असावे लागते. ही अट येथे तपासून पाहण्यासाठी बेटेगावसारखे ठिकाण घ्यावे. बोईसर स्थानकाच्या पूर्वेचे हे गाव. पलीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत, त्याहून पलीकडे समुद्रालगत १९६९ पासून वीज देणारे अणुविद्युत केंद्र. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत गेली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि वारली पाड्यांच्या शेजारी गृहसंकुले उभी राहिली. त्यांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कारखान्यांच्या ओढीने आलेली कुटुंबे राहतात. 'डूम' निघाला तेव्हा भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झालेले नव्हते. ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाले. त्या काळात आपल्या गावांपर्यंत खेळ पोहोचले ते दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या स्वस्त कॅसेट-यंत्रांतून. तेथे 'कॉन्ट्रा' होता, 'मारिओ' होता. 'डूम' बहुतेकांच्या वाट्याला आला नाही. म्हणजे बेटेगावच्या एखाद्या संकुलात आज 'डस्क' खेळणाऱ्या विशीतल्या तरुणाला १९९३ ची अमेरिका आठवत नाही, आणि त्याच्या वडिलांनाही ती आठवण्याचे कारण नाही. जे कधी आपले नव्हते त्याचे रंजन कशाच्या आधारे होणार? त्या तरुणाला खेळ आवडत असेल तर त्याचे कारण त्याच्या आठवणीत नव्हे, खेळाच्या रचनेत शोधावे लागेल.

या जागी मराठी समीक्षेने स्वतःच्याच इतिहासाकडे पाहावे. 'काही कविता' (१९४७) मध्ये मर्ढेकरांनी ओवी आणि अभंग हे शतकानुशतकांचे छंद हाती घेतले आणि त्यांत यंत्रयुगातील महानगर कोंबले. संतांच्या काळाची हुरहूर लागली म्हणून त्यांनी अभंग निवडला, असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. जुन्या छंदाची शिस्त आणि नव्या अनुभवाचा विस्कोट यांच्या ताणातून ती कविता अर्थ निर्माण करते, हे आपण वर्गात शिकवितो. 'रेट्रो' हा शब्द या अर्थाने छंदवाचक आहे. मोजके बहुभुज, मर्यादित शस्त्रे, किल्ली आणि दार, अखंड गती ही एका छंदाची बंधने आहेत. मर्ढेकरांना लावलेला न्याय परक्या देशातील खेळाला लावायचा नाही, असा नियम सौंदर्यशास्त्रात नाही.

मर्ढेकरांचा दुसरा वारसा अधिक उपयोगी आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये त्यांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. शूटरच्या एका पातळीची रचना या परिभाषेत नेमकेपणाने वर्णिता येते. रिकाम्या वाटेनंतर अचानक भरलेले दालन हा विरोध. एकाच जातीच्या शत्रूंची वाढत जाणारी आवर्तने हा संवाद. दुर्मीळ, प्रभावी शस्त्र आणि त्याचा तुटपुंजा दारूगोळा हा समतोल. परंतु मर्ढेकरांची लय घडलेल्या कलाकृतीत असते आणि आस्वादक ती ग्रहण करतो. खेळात आस्वादकाचा हात चालल्याखेरीज लय अस्तित्वातच येत नाही. कर्ता आणि आस्वादक एकच असलेला अनुभव आपल्या सौंदर्यशास्त्राने पुरेसा विचारात घेतलेला नाही. हा अनुभव मुळीच नवखा नाही. याच पालघर-डहाणू पट्ट्यातील तारपा नाचात वादकाच्या सुरांनुसार रिंगणाची पावले बदलतात. तो नाच कडेला उभे राहून पाहणे आणि रिंगणात नाचणे या एकच गोष्टी नव्हेत. संगणकीय खेळ समीक्षेपुढे हाच जुना, टाळलेला प्रश्न ठेवतो.

यावर सर्वांत बलवान आक्षेप नीतिवाद्यांचा नाही. तो वॉल्टर बेन्यामिनचा आहे. बोदलेअरवरील १९३९ च्या निबंधात त्याने जुगाऱ्याच्या हाताच्या झटक्याची तुलना यंत्रावरील कामगाराच्या हालचालीशी केली. दोघांचीही प्रत्येक कृती मागच्या कृतीपासून तुटलेली असते, कारण ती तिची तंतोतंत पुनरावृत्ती असते. औद्योगिक वसाहतीच्या छायेत हा आक्षेप केवळ पुस्तकी राहत नाही. पाळी संपवून आलेल्या माणसाने रात्री पुन्हा कळच दाबायची असेल, तर त्याची करमणूक म्हणजे कारखान्याचीच जादा पाळी नव्हे काय?

उत्तर पुन्हा रचनेतच मिळते. 'अल्ट्राकिल'मध्ये एकच शस्त्र सतत वापरले की त्याचा ताजेपणा उतरत जातो आणि गुण घटतात. शस्त्रांची अदलाबदल, उडी, घसरण, भिंतीवरून उसळी यांची नवी जोडणी करणाऱ्यास खेळ वर चढवितो. पुनरावृत्तीला कारखाना मोबदला देतो, हा खेळ दंड करतो. वेगाची मालकीही बदलते. पट्ट्यावर वेग दुसरा ठरवितो आणि चूक बोटावर बेतते. येथे मरण आले तर खेळाडू क्षणात पुन्हा उभा राहतो. चुकीची किंमत शून्य असल्यामुळे धाडस परवडते. 'वेग कोणाचा?' हा प्रश्न विचारल्याशिवाय वेगाची निंदा करणे म्हणजे कामगाराच्या हाती आलेला वेग आणि त्याच्यावर लादलेला वेग एकाच मापाने मोजणे होय.

यामुळे हे खेळ निर्दोष ठरत नाहीत. 'अल्ट्राकिल'मधील गुणांकनाचा फलक हा एक मुकादमच आहे. तो शैलीलाही श्रेणी लावतो, आणि श्रेणीसाठी खेळणारा हात पुन्हा परक्या मापाखाली जातो. 'डस्क'मध्ये चालू लढाईत असा मुकादम नाही. म्हणून माझ्या मते तो कमी चमकदार असूनही अधिक मोकळा खेळ आहे. हिंसेचा प्रश्नही उरतो, परंतु तो प्रत्येक कृतीपुरता विचारावा लागेल : मारण्याची कृती येथे कोणत्या अर्थव्यवस्थेत बसते, शत्रूला कोणता चेहरा दिला आहे, चेहरा नाकारण्याने काय साधले आहे. मनुष्यजात नष्ट झालेल्या जगात रक्तावर चालणारे यंत्र हे रूपक वाचल्याखेरीज त्या खेळाला हिंसक म्हणणे हे वाचन न करता दिलेले मत आहे.

देशीवादी वाचकाचा आक्षेप वेगळा असेल. देशीयतेची मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी केली तेव्हा तिच्यात परभृत अभिरुचीविरुद्धचा न्याय्य संताप होता. पण तारपा हा देशी आणि शूटर हा परका, अशी वाटणी करून थांबणाऱ्यास बेटेगाव समजणार नाही. तेथे पाडा, पाळी आणि पडदा एकाच आवारात आहेत. देशीयता ही उगमाची नोंद मानली तर खेळ परका ठरेल. ती वापराची, हाताळणीची गोष्ट मानली, तर प्रश्न खुला राहतो आणि समीक्षेला काम उरते.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे दोन ध्रुव दाखविले. खेळांविषयीची आपली चर्चा पहिल्या ध्रुवाला चिकटून बसली आहे : व्यसन, पैसा, कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली, तेव्हा 'गेम' हा शब्दच सार्वजनिक बोलण्यात जुगाराचा पर्याय होऊन गेला. ती चर्चा आवश्यक होती, परंतु ती समीक्षा नव्हती. एकदा विकत घेऊन खेळायचा खेळ आणि क्षणोक्षणी खिशात हात घालणारा खेळ यांतील भेद सांगणे, हे रूपबंध जाणणाऱ्याचेच काम आहे. ते आपण केले नाही तर जाहिरातदार करील किंवा दंडाधिकारी करील. दोघांनाही लयीशी कर्तव्य नाही.