सिद्धतेचा भार गुरूवर

धर्मसंस्था गांजलेल्या माणसाला नाडून स्वतःचे घर भरतात का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. देऊळ, दर्गा, मठ, चर्च ही सगळी श्रद्धेची दुकानेच आहेत, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, चार भोंदू असतील, पण त्यांच्यापायी धर्माला बोल लावू नका. दोघांचेही लक्ष एकाच गोष्टीकडे आहे : पैसे घेणाऱ्याच्या मनात काय होते? पहिल्याच्या मते लबाडी, दुसऱ्याच्या मते भक्ती. पण मनातले कोणालाच दिसत नाही, म्हणून हा वाद शंभर वर्षे चालला तरी निकालात निघत नाही. मनाऐवजी व्यवहार पाहावा, असे मला वाटते. देणारा कोणत्या अवस्थेत आहे, घेणाऱ्याची त्याच्यावर किती सत्ता चालते, आणि पुढे तक्रार झाली तर कोणी काय सिद्ध करायचे, हे तीन प्रश्न विचारले की उत्तर बरेच स्पष्ट होते.

हा मार्ग काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे सोळावे कलम अनुचित प्रभावाविषयी आहे. वय, आजार किंवा शारीरिक-मानसिक यातना यांमुळे ज्याची विचारशक्ती ढळली आहे, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याचा त्याच्यावर वरचष्मा असतो, असे ते कलम मानते. हाच विचार १८९० साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे मन्नू सिंह विरुद्ध उमादत्त पांडे या खटल्यात कसाला लागला. एका वृद्ध गृहस्थाने परलोकी आत्म्याचे कल्याण व्हावे एवढ्याच हेतूने आपली मालमत्ता गुरूला दान केली होती, आणि पुढे ते दान रद्द व्हावे म्हणून तोच न्यायालयात आला. गुरू भोंदू आहे की साधू, या चर्चेत शिरण्याची गरजच नव्हती. नातेच असे असताना आपण प्रभाव टाकला नाही, हे गुरूने सिद्ध करावे, असे तत्त्व तिथे ठरले. सिद्धतेचा भार शिष्यावरून उतरला आणि गुरूवर आला. या लेखाचे सगळे म्हणणे त्या एका निर्णयात आहे. न्यायालयाने एका गुरूला जे विचारले, ते समाजाने प्रत्येक धर्मसंस्थेला विचारावे.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे : लोक स्वखुशीने देतात, कोणी गळ्याला सुरी लावत नाही. स्वखुशीचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. सत्यशोधक चळवळीच्या काळात, १८८० च्या दशकात, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला भटजीवाचून लग्न लागले, तेव्हा ग्रामजोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. विधी केला नाही, तरी दक्षिणा हवी! जे दान न दिल्याबद्दल दावा लागतो, त्याला दान म्हणायचे की पट्टी? पण बळजबरीचा लवलेश नसला, तरीही आक्षेप टिकत नाही. मूल वाचेल का, या काळजीत रात्र काढलेली आई अंगावरचे डोरले दानपेटीत टाकते तेव्हा ती खुशीतही नसते आणि तुलना करून निवड करण्याच्या स्थितीतही नसते. हे कायद्याला ठाऊक आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपचार अधिनियम मधुमेह, कर्करोग, वेड, वंध्यत्व अशा दुखण्यांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात करू देत नाही, आणि जादुई उपचारांच्या व्याख्येत ताईत, मंत्र आणि कवच यांची नावे घेतो. गिऱ्हाईक राजीखुशीने पैसे मोजायला तयार असले, तरी विक्रेत्याला वाटेल ते वचन देण्याची मुभा नाही, कारण हा राजीपणा दुखण्यातून आलेला असतो.

दुसरा आक्षेप मूठभर भोंदूंचा. याला पंढरपूरपेक्षा चांगले उत्तर नाही, कारण तिथे भोंदूगिरीचा प्रश्नच नव्हता. बडवे-उत्पात हे काही अंगारा फुंकणारे बुवा नव्हते. वंशपरंपरेने हक्क सांगणारे, समाजात मान असलेले सेवेकरी होते. पण देवापुढच्या उत्पन्नाचा हक्क त्यांच्यात लिलावाने जाई. आता या रीतीतले गणित पाहा. ज्याने बोली लावून एखाद्या दिवसाचे उत्पन्न घेतले, त्याला बोलीची रक्कम वसूल करावीच लागे, आणि वसुली होणार ती शेकडो मैल चालून आलेल्या, पायाला फोड आलेल्या, विठोबाच्या पायावर डोके टेकायला मिळावे एवढेच मागणाऱ्या वारकऱ्याकडून. बोली लावणारा स्वभावाने कितीही सज्जन असो, रीतच त्याला दर्शनाची किंमत करायला लावणार. म्हणूनच नाडकर्णी आयोग बसला, १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, आणि पुढची चाळीस वर्षे खटले चालून जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचे दावे निकालात निघाले. चाळीस वर्षांच्या या झगड्याचा विषय कोणाची नियत नव्हता. भक्त आणि देव यांच्यामध्ये उत्पन्नाचा हक्क उभा राहू द्यायचा की नाही, हा होता. माणूस बदलून भागत नाही, हेच यातून कळते. सरकारी समिती आली म्हणून प्रश्न कायमचा मिटला, असेही नाही. समितीलाही तोच हिशेब विचारावा लागतो.

मग पटत नसेल त्याने संस्था सोडावी, तक्रार कशाला, असा तिसरा आक्षेप येतो. महाराज लायबल केस म्हणून गाजलेल्या मुंबईतल्या खटल्याने याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच दिले आहे. करसनदास मूळजी यांनी १८६० साली 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. बदनामीचा खटला झाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांसारख्यांनी त्यात साक्ष दिली. पण खटला उभा राहण्याआधीच भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवले होते, की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकायचे. या कटाचा वेगळा खटला चालून पुढाऱ्यांना दंड झाला, आणि १८६२ मध्ये मूळ खटल्याचा कौल करसनदासांच्या बाजूने गेला. जातीबाहेर म्हणजे काय? मुलीचे लग्न अडणार, पेढीवरचा व्यवहार तुटणार, मढ्याला खांदा द्यायला माणूस मिळणार नाही. 'सोडून जा' हे वाक्य ज्याला जाता येते त्यालाच सांगावे. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून ही भीती गेल्या शतकात पुरून टाकलेली नव्हती, हे उघड आहे.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि त्यातले तथ्य मान्य करायलाच हवे. धर्मसंस्था अन्नछत्रे चालवतात, रुग्णालये उभारतात, पूर आला की सरकारच्या आधी पोचतात. शिर्डीचे प्रसादालय आणि रुग्णालय हजारोंच्या उपयोगी पडते, हे कोण नाकारेल? पण पैसा कुठे गेला, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पैसा आला कसा, या प्रश्नाचे नाही. आपला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही मुख्यतः याच बाजूला झुकलेला आहे : नोंदणी, लेखापरीक्षण, विश्वस्तांचा कारभार. धर्मादाय आयुक्त खर्चाच्या पावत्या मागतो, पण ज्याच्याकडून घेतले तो तेव्हा कोणत्या अवस्थेत होता, त्याला काय सांगून घेतले, हा रकाना कोणत्याच वहीत नाही. शेजाऱ्याची गाय सोडून तिच्या दुधाची खीर गावाला वाटली, म्हणून गाईचा प्रश्न सुटत नाही.

पाचवा आक्षेप रागाचा असतो : हे सगळे आमच्याच धर्माला का? सहा ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने मेले. ते घर दर्गा चालवत नव्हता, हे खरे. पण दर्ग्याच्या कृपेने बरे वाटेल या आशेवरच तो सारा धंदा उभा होता. साखळीला धर्म नसतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर चार दिवसांत अध्यादेश म्हणून आला. तोही कोणत्या धर्माचे नाव घेत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र टाकत बसणे हा त्यात गुन्हा आहे. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, प्रवचन यांना त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवले आहे. भक्ती आणि अडवणूक यांतली रेघ आखता येते, याचा हा लेखी पुरावा.

इथपर्यंत वाचून पहिला पक्ष खूश झाला असेल, तर त्यालाही दोन शब्द. धर्मसंस्था म्हणजे मुळातच लूट, हे विधान पुराव्यापुढे टिकत नाही. ज्या जोतीराव फुल्यांनी भटशाहीवर सर्वांत कठोर प्रहार केले, त्यांचा अखेरचा ग्रंथ 'सार्वजनिक सत्यधर्म' नावाचा आहे. त्यांना धर्म नकोसा नव्हता, मधला दलाल नकोसा होता. वारीला प्रवेशशुल्क नाही, आणि वारी चुकली म्हणून कोणी दावा लावत नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः चमत्कार केला नाही आणि पाया पडू दिले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात मनोविकारतज्ज्ञ बसतात, आणि मुजावर दुआही देतात व रुग्णाला दवेकडेही पाठवतात. एरवाडी आणि उनावा, दोन्हीकडे येणारा माणूस तोच : वेडाने पछाडलेले पोर घेऊन आलेला बाप. श्रद्धाही तीच. वेगळे आहे ते एवढेच, की एकीकडे आसरा उपचाराच्या आड आला आणि दुसरीकडे त्यानेच उपचाराची वाट दाखवली. तेव्हा दोष श्रद्धेत शोधणे हा निदानातला घोटाळा आहे.

म्हणून मंडन एवढेच. हतबल माणसाकडून घेणाऱ्या संस्थेने तीन गोष्टी स्वतः होऊन सिद्ध कराव्यात : की पैसा कसा गेला इतकाच नव्हे, कसा आला याचाही तिचा हिशेब उघडा आहे, की तिला सोडणाऱ्याच्या लग्नात किंवा मढ्यात ती अडवणूक करत नाही, आणि की डॉक्टर, पोलीस किंवा न्यायालय यांच्या वाटेत ती उभी राहत नाही. आजारपणात किंवा मृत्यूच्या सुतकात दिलेले मोठे दान ठराविक मुदतीत विनातक्रार परत मागता यावे, एवढी तरतूद केली तरी पुष्कळ साधेल. यात देवाला काही सिद्ध करायचे नाही, भक्ताला तर मुळीच नाही. दान रद्द करून मागायला आलेल्या त्या म्हाताऱ्याला न्यायालयाने विचारले नाही, की तू भोळा का झालास. आपण मात्र फसलेल्याला आजही पहिला प्रश्न तोच विचारतो.