नऊ डोक्यांची बाई

‘मुलींना फॅशन डिझायनिंगचा कोर्स लावा, म्हणजे त्या आपल्या पायावर उभ्या राहतील.’ सातारा-सांगलीकडच्या महिला मेळाव्यांत व्यासपीठावरून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. टाळ्याही पडतात. त्या टाळ्या थांबल्या की मला एकच विचारावंसं वाटतं : उभ्या राहतील हे ठीक, पण कुठे? घरातला ओटा, नळ आणि रेशनची रांग सोडली, तर आपल्या गावांत बाईला नुसतं उभं राहायला जागा कुठे ठेवली आहे?

गेली दहा-बारा वर्षं मी या दोन जिल्ह्यांत बचत गटांच्या बायका आणि शिवणवर्गातल्या मुली यांच्याबरोबर काम करते. त्यामुळे हे कोर्स जवळून बघते. त्यात ‘फॅशन इलस्ट्रेशन’ नावाचा एक विषय असतो. मुलींना बाईची आकृती काढायला शिकवतात. तिचं माप डोक्यावर ठरतं. हाडामांसाचं माणूस साधारण सात ते साडेसात डोक्यांएवढं उंच असतं. फॅशनच्या चित्रातली बाई मात्र नऊ डोक्यांची, कधी दहाचीही. वाढवलेली उंची सगळी पायांत जाते. म्हणजे पाय इतके लांब, की एका ढांगेत पोवई नाक्यावरून राजवाड्यावर पोचावी! पण ती चालत कुठेच नाही. तिच्या पायाखाली जमीन काढायची पद्धत नाही. कडेवर मूल नाही, खांद्याला पिशवी नाही, कपड्याला खिसा नाही.

मग परीक्षेला विषय येतो, ‘शहरावरून सुचलेला पोशाख’. मुली पॅरिसचा मनोरा काढतात, न्यूयॉर्कच्या इमारती काढतात, आणि त्यापुढे ही नऊ डोक्यांची बाई उभी करतात. यात मुलींचा दोष काडीचा नाही. त्यांना जे शहर पाहू दिलं, तेच त्या काढणार. पॅरिस मोबाईलवर दिसतं. साताऱ्याचा मोती चौक किंवा सांगलीचा हरभट रोड बघायला मात्र घराबाहेर पडून, कुणाला कारण न सांगता, तासभर रेंगाळावं लागतं. त्याची परवानगी नाही.

‘आमच्या गावात काय आहे बघण्यासारखं?’ असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. आपला मुलूख फोटोवाल्यांनी डोक्यावर घेतला आहे. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं (२००४) चित्रीकरण झालं, वाई तर हिंदी सिनेमावाल्यांचं माहेरघरच. कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून कृष्णेवर उभा आहे. आता या ठिकाणी लग्नाआधीचे फोटो काढायची टूम निघाली आहे. भाड्याचा पायघोळ झगा, वाऱ्यावर उडणारा पदर, फोटोग्राफर सांगेल तिकडे वळलेली मान. मैत्रिणींनो, नीट बघा. या घाटांवर, या पुलावर बाईला मनमोकळं उभं राहायची मुभा मिळते, ती फोटोपुरती. तीही होणारा नवरा शेजारी असताना. लग्न झालं, की तोच घाट तिला धुण्याच्या पाटीसह किंवा सवाष्णींच्या घोळक्यासह भेटतो.

दुसरा फोटो पुराचा. २०१९ साली सांगली पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर बायकांचे फोटो निघाले ते मदतीचं पाकीट हातात घेताना. देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, घेणारी खाली बघतेय. नटलेली किंवा नडलेली, या दोनच रूपांत बाईचं चित्र निघतं. आणि दोन्हींत ती दिसते, स्वतः बघत मात्र नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : फॅशनचं चित्र हा प्रश्न अंगप्रदर्शनाचा नाही, बघण्याच्या हक्काचा आहे. चित्र काढायला आधी एका जागी थांबून बघावं लागतं. आणि एका जागी थांबून बघणारी बाई आपल्या समाजाला खपत नाही. पुरुष उभा राहिला की तो निवडणुकीला उभा असतो, पानाच्या टपरीवर उभा असतो, नाहीतर उगीचच उभा असतो. बाई ‘उभी राहते’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ येतो. साताऱ्याच्या एका गजबजलेल्या चौकात मी आठ मुलींना वह्या-पेन्सिली घेऊन बसवलं होतं. पंधरा मिनिटांत तीन जणांनी येऊन विचारलं, ‘कुणाची वाट बघताय?’ चौथ्याने विचारलं, ‘सर्व्हे आहे का?’ सर्व्हे असता तर चाललं असतं. नुसतं बघणं चालत नाही. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात हेच मांडलं : बाईला रस्त्यावर यायचं तर हातात कामाचा पुरावा लागतो. त्यांनी विनाकारण भटकण्याचाच हक्क मागितला. आपल्या तालुक्याच्या गावांना तो मुंबईपेक्षा जास्त लागू आहे, कारण इथे विचारणारा अनोळखी नसतो, चुलत सासरा असतो.

‘उभी राहणारी’ म्हणून जिला हिणवलं जातं, तीही आपल्याच जिल्ह्यातली आहे. सांगलीच्या गोकुळनगरातल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून काम सुरू केलं. १९९६ साली त्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्यांच्यावर होणाऱ्या जुलमाविरुद्ध त्याच बोलू लागल्या. आपण मात्र अजून मुलींना ‘चौकात उभी राहू नकोस, लोक काय समजतील?’ असं सांगतो. म्हणजे कुणाशी तरी तुलना होईल ही भीती दाखवून आपल्या मुलीला घरात बसवायचं, आणि जिच्याशी तुलना होते तिला माणसातून उठवायचं. एकाच काठीचे हे दोन फटके आहेत.

आता पैशाचं बोलू. शिवणकामाच्या धंद्याची उतरंड सरळ आहे. नमुना आखणारा वर, कापणारा त्याच्या खाली, मशीनवर शिवणारी त्याखाली, आणि काजं-बटणं, हेमिंग, फॉल-पिको करणारी तळाला. खडू आणि कात्री ज्याच्या हातात, तो ‘मास्टर’. सुई जिच्या हातात, ती ‘शिलाईवाली बाई’. सरकारी योजना बाईला काय देतात? शिलाई मशीन. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. ती जरूर घ्यावी. पण आखायला कुणी शिकवलं नाही, तर त्या मशीनवर ती दुसऱ्याने आखलेलंच जन्मभर शिवणार, नगावर पैसे घेऊन. पेन्सिल हा श्रीमंतांचा छंद नाही. मजुरी आणि मालकी यांच्यामध्ये असलेली ती पहिली पायरी आहे.

आणि आखायचं काय? त्यासाठी पॅरिसला जायला नको. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या बायका बघा. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. उसाच्या पाल्याने हात कापतात, म्हणून हा पोशाख. कुठल्या डिझायनरने तो दिलेला नाही, कामाने दिला. त्या शर्टाला खिसा आहे. बाईच्या अंगावरचा बहुधा तो एकटाच खिसा, आणि तोही नवऱ्याचा! काष्ट्याच्या नऊवारीत मोठी ढांग पडत होती. शहराबरोबर सहावारी आली आणि ढांग आखूड झाली. गाडीवर जाणाऱ्या मुलींचा तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ धुळीसाठी किती आणि ओळखू येऊ नये म्हणून किती, याचा हिशेब मुलीच सांगू शकतील. ही आपल्या शहरांची खरी फॅशन आहे, आणि तिच्यात आपल्या जगण्याचा सगळा इतिहास शिवलेला आहे.

शिबिरात मी एक साधा उपक्रम घेते. प्रत्येकीने आपल्या गल्लीचा नकाशा काढायचा आणि त्यावर कपड्यांच्या हद्दी दाखवायच्या. गाऊन कुठपर्यंत जातो? नळापर्यंत. गाऊनवर ओढणी घेतली की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. पंजाबी ड्रेस मंडईपर्यंत. साडी देवळापर्यंत, बँकेपर्यंत, माहेरच्या एसटीपर्यंत. मग त्याच नकाशावर घरातल्या पुरुषाच्या लुंगीची आणि बनियनची हद्द काढायची. बायका हसू लागतात, आणि हसता हसता गप्प होतात. सून आणि सासू यांच्या हद्दी वेगळ्या निघतात. एकाच गल्लीत राहून वेगवेगळ्या जातींच्या बायकांचे नकाशे जुळत नाहीत. विधवेचा नकाशा आणखी वेगळा. पुरुषप्रधान व्यवस्थेवरचं तासाभराचं भाषण जे करत नाही, ते हा एक कागद करतो.

आता आपल्याच माणसांशी थोडं भांडण. १९९६ साली बंगळुरात जगत्‌सुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा देशभर निषेध झाले. बाईला बाजारातली वस्तू करू नका, हे सांगणं बरोबरच होतं. आजही आहे. पण त्याच सुमारास ‘संस्कृती बुडाली’ म्हणून ओरडणारेही रस्त्यावर होते. त्यांना बाई झाकायची होती, आपल्याला ती मोकळी करायची होती. हा फरक आपण लोकांपर्यंत पुरेसा पोचवला नाही. फॅशन म्हणजे चंगळवाद, एवढं म्हणून चळवळ पुढे गेली आणि चित्र काढण्याचं काम बाजाराकडे राहिलं. बाजाराने नऊ डोक्यांची बाई काढली. तिला नावं ठेवून भागणार नाही, साडेसात डोक्यांची बाई काढणारा हात तयार करावा लागेल.

काही कार्यकर्त्या म्हणतील, माण-खटावात पाण्याचे हाल, परित्यक्तांच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि ही बाई चित्रं काढायला सांगते! त्यांना मी याच जिल्ह्यातल्या एका बाईची आठवण देते. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ चा. १८४८ नंतर पुण्यात शाळेला जाताना त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई आणि त्या बदलायला जादा लुगडं जवळ ठेवत, ही हकिगत आपण मुलींना सांगतो. तिचा अर्थ नीट लावू या. शेण शाळेच्या आत फेकलं गेलं नाही, रस्त्यावर फेकलं गेलं. शिकवणाऱ्या बाईइतकाच चालणाऱ्या बाईचा राग होता. पाणी, घर, शिक्षण, काम यांतलं काहीही बाईला मिळवायचं तर मधे रस्ता आहे. तो आधी आणि हे नंतर, किंवा हे आधी आणि तो नंतर, अशी रांग लावताच येत नाही.

चित्रांची परंपरा आपल्याला परकी आहे असंही नाही. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्यांची आणि धुरंधरांची चित्रं आहेत. कोल्हापुरात जन्मलेल्या म. वि. धुरंधरांनी वेगवेगळ्या समाजांतल्या, वेगवेगळ्या पेहरावांतल्या स्त्रिया चितारल्या. ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. म्हणजे पेन्सिल बाईच्या हातात येऊन नव्वदेक वर्षं झाली. तरी आपल्या गावच्या रस्त्याचं, रस्त्यावर बसून बाईने काढलेलं चित्र आपल्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे?

‘पण सुरक्षिततेचं काय?’ हा प्रश्न येतोच. बाया रस्त्यावर कमी असल्या की रस्ता असुरक्षित होतो, आणि असुरक्षित आहे म्हणून आणखी बाया घरात जातात. हे चक्र घरात बसून सुटणार नाही. घर सुरक्षित असतं, तर आपल्या सल्ला केंद्रांना कुलूप लागलं असतं.

तेव्हा मागण्या स्पष्ट करू. शिवणवर्गाला सरकारी पैसा मिळत असेल, तर आखणी आणि कटिंग शिकवणं सक्तीचं हवं, आणि चित्रकलेचा तास वर्गात नव्हे तर चौकात, मंडईत, स्टँडवर व्हायला हवा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. ती स्टँडवर उतरली की पुढे तिच्यासाठी स्वच्छ मुतारी, बसायला बाक आणि रात्री दिवा हवा. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम संघटनांनी उभारली, ती आपल्या नगरपालिकांच्या दारात न्यायला हवी. २०११ च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला विचारा : तुमच्या प्रभागात बाईला नुसतं उभं राहता येईल अशी जागा कुठे करणार?

आणि गटांनी आपल्यापासून सुरुवात करावी. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. पाच-सहा जणी मिळून निघा. हळदीकुंकू नाही, मोर्चा नाही, सर्व्हे नाही. हातात एक वही. जिथे वाटेल तिथे थांबा, बघा, काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी बिघडत नाही. कुणी विचारलं, ‘कुणाची वाट बघताय?’ तर सांगा, ‘कुणाची नाही. बघतोय.’ आपापल्या गल्लीतल्या गाऊनच्या, ड्रेसच्या, साडीच्या हद्दींचे नकाशे काढून पुढच्या अंकासाठी पाठवा. पंचवीस-तीस नकाशे शेजारी शेजारी छापले, तर आपलं शहर प्रत्यक्षात केवढं आहे, ते सगळ्यांनाच दिसेल.