सगळीकडे 'नाही' लिहा!

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर क्रूझमधून उतरलो, तर स्कूबाआधी फॉर्म हाती आला. रक्तदाबाची गोळी घेता का? मी 'हो' लिहिलं. "काका, सगळीकडे 'नाही' लिहायचं असतं," इति जावईबापूंचे मित्र. डॉक्टरांची चिठ्ठी नाही म्हणून मला काठावरच बसवलं. (पैसे परत मिळाले नाहीत, तो वेगळा विषय.) तेव्हापासून नातेवाईक हसताहेत. हसा! अहो, दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. आपली थाप सोबतच्या प्रशिक्षकालाही भोवते. बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता सत्तरीनंतर स्वतःच करू? पुढच्या खेपेस चिठ्ठी इथूनच नेणार. हौस अजून तेवढीच आहे, बरं का!